उतरण्याची जागा

मराठीत प्रवासाची मोजणी करणारे दोन शब्द जोडीने येतात : मजल आणि मुक्काम. दोन्ही अरबी मुळांचे, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. 'मंझिल' म्हणजे मुळात उतरण्याची जागा. घोड्याउंटावरून पायउतार होऊन विसावण्याचे ठिकाण. मराठीत मजल म्हणजे एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंतचे अंतर झाले आणि थांबण्याचा अर्थ मुक्कामाकडे गेला. घराचा 'मजला'ही याच कुळातला. म्हणजे एकाच मुळातून आपण अंतरही मोजतो आणि उंचीही. आपल्या 'उतरणे' या क्रियापदातही हा दुहेरी अर्थ आहे. डोंगर आपण उतरतो, आणि परगावी गेलो की कोणाकडे तरी उतरतो. खाली येणे आणि वस्तीला थांबणे यांसाठी भाषेने एकच शब्द का ठेवला असावा, या प्रश्नाकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले एका सहलीची आखणी करताना.

सहल म्हणजे स्पितीची. हिमाचल प्रदेशाच्या ईशान्येला, मुख्य हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला असलेले हे थंड वाळवंट. 'स्पिती' म्हणजे मधला प्रदेश, भारत आणि तिबेट यांच्या मधला. आम्ही सहा जण आणि फोर बाय फोर गाड्या दोन. कच्च्या वाटेवर एकटी गाडी नेऊ नये हा या छंदातला पहिला नियम. सहांपैकी पाच एकाच महाविद्यालयातले, एकाच वर्षाचे विद्यार्थी. सहाव्या आमच्या बाई. त्यांनी आम्हांला संस्कृत शिकवले. त्या आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी रोज घेतात, आणि हिमालय त्यांनी आजवर केवळ श्लोकांतून पाहिला आहे. या वर्षी तो प्रत्यक्ष पाहायचा असे त्यांनी ठरवले, आणि आमच्या आखणीचा सूर बदलला.

पहिला पेच काळाचा. आमच्यातले दोघे प्राध्यापक. त्यांच्या लेखी उन्हाळा म्हणजे एप्रिल-मे. महाविद्यालये जूनमध्ये उघडतात. स्पितीहून मनालीकडे उतरणारी कुंझुम खिंड मात्र हिवाळाभर बर्फाखाली असते. सीमा सडक संघटना वाट मोकळी करते तेव्हा बहुधा मेची अखेर, नाहीतर जून उजाडलेला असतो. आपली उन्हाळ्याची सुट्टी संपते तेव्हा हिमालयातला उन्हाळा सुरू होतो. जुलै लागला की किन्नौरच्या अंगाला पाऊस येतो आणि दरडी सुटू लागतात. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ कोसळलेल्या शिळांखाली नऊ पर्यटक गेले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत निगुलसरीला हमरस्त्यावर डोंगर आला. म्हणून जूनचा उत्तरार्ध ठरला. प्राध्यापकांनी रजेचे अर्ज लिहिले, बाईंनी पंचांग काढले. आषाढाच्या पहिल्या दिवसाच्या जवळपास आपण निघणार, याचे त्यांना वाटलेले समाधान आम्ही नोंदीत घेतले नाही, पण लक्षात ठेवले.

दुसरा पेच दिशेचा. स्पितीला जाण्याच्या वाटा दोन. एक मनालीहून, दुसरी सिमल्याहून किन्नौरमार्गे. मनालीची वाट जवळची. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून तर रोहतांगची चढणही टाळता येते. सकाळी मनालीत चहा घ्यावा आणि संध्याकाळी चंद्रतालच्या तळावर तंबू ठोकावा, हे वेळापत्रक आता शक्य कोटीतले आहे. पण मनाली दोन हजार मीटरांच्या आसपास, चंद्रताल सव्वाचार हजारांवर. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही शेकडा एकवीसच असते, फक्त हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्क्यांवर आलेला असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात आपण दोन-पंचमांश तोटा घेऊन बसतो. हा तोटा भरून काढायला शरीर शिकते, पण त्याला अवधी लागतो, आणि तो अवधी रस्त्याच्या सुधारणेने कमी होत नाही.

वैद्यकशास्त्राने यासाठी जो नियम सांगितला आहे तो वाचताना आम्ही थबकलो. तीन हजार मीटरांच्या वर रोज पाचशे मीटरांहून अधिक चढू नये. पण ही मोजणी दिवसभरात गाठलेल्या उंचीची नसून झोपण्याच्या जागेची आहे. दिवसा हवे तेवढे वर जाऊन यावे, रात्री मात्र खाली निजावे. शरीर खिंडींचा हिशेब क्षमाशीलतेने ठेवते, मुक्कामांचा काटेकोरपणे. मजल-दरमजल करत जाणाऱ्या जुन्या माणसांचे प्रवासाचे एकक थांबा हेच होते. मोटारीने आपल्याला किलोमीटरांत विचार करायला शिकवले. साडेतीन-चार हजार मीटरांवर पुन्हा मुक्कामांत विचार करावा लागतो.

तेव्हा सिमल्याची लांबची वाट घ्यायची. सिमला आणि सराहन, दोन्ही बावीसशे मीटरांच्या जवळपास. मग कल्पा, २,९६० मीटर, तिथे दोन रात्री. पुढे खाब येथे स्पिती नदी सतलजेला मिळते तिथून वळून नाकोच्या चढणीला लागायचे. नाको साडेतीन हजारांच्या वर. तिथला तलाव पाहायचा, जेवायचे, पण झोपायचे नाही. झोपायला खाली ताबोला यायचे, ३,२८० मीटर. ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला, त्याच्या मातीच्या भिंतींवरील चित्रे हजार वर्षांची. पण आमच्या तक्त्यात त्याचे पहिले महत्त्व उंचीचे आहे. मग काझा, ३,७०० मीटरांच्या आसपास, तीन रात्री. त्यानंतर तंबूतल्या रात्रीही तीन : चार हजारांच्या थोडे वर लोसर, सव्वाचार हजारांवर चंद्रताल, आणि पलीकडे उतरून छत्रू. लोसरचा मुक्काम बहुतेक प्रवासी घेत नाहीत. तो आम्ही बाईंसाठी घातला असे कोणी म्हणेल. नियम सहाही जणांना सारखाच लागू आहे.

*

तक्ता तयार झाला तो बाईंनी उत्तरपत्रिका तपासावी तसा हातात लाल पेन घेऊन वाचला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हा तर तुम्ही पूर्वमेघ लिहिला आहे."

विनोद सोडला तर या वाक्यात एक वाङ्मयीन निरीक्षण आहे, आणि ते आम्हांला महत्त्वाचे वाटते. मेघदूताकडे आपण विरहकाव्य म्हणून पाहतो. चिंतामणराव देशमुखांपासून कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांच्यापर्यंत अनेकांनी ते मराठीत आणले ते बहुधा त्या विरहाच्या ओढीने. पण पूर्वमेघाचे बांधकाम पाहिले तर ती एका मार्गाची आखणी आहे. रामगिरी, म्हणजे परंपरेने मानलेले नागपूरजवळचे रामटेक, हा आरंभबिंदू. आम्रकूट, रेवा, विदिशा, वेत्रवती. मग वाट वाकडी करून उज्जयिनी. पुढे चर्मण्वती, कुरुक्षेत्र, कनखल. अखेर क्रौंचरंध्राच्या अरुंद खिंडीतून कैलास आणि अलका. यक्ष नुसती नावे देत नाही. थकलास तर शिखरांवर पाय टेक, क्षीण झालास तर ओढ्यानद्यांचे हलके पाणी पी, असे तो आरंभीच बजावतो. उज्जयिनीत रात्र कोठे काढायची, कशा प्रकारच्या घराच्या सज्जावर, तेही सांगतो, आणि सूर्य दिसल्यावर उरलेली वाट चालायला लाग म्हणतो. वाट कोणती, पाणी कोठे, मुक्काम कोठे, निघायचे कधी : आखणीचे चारही स्तंभ तिथे आहेत.

आणखी एक गोष्ट बाई वर्गात सांगत असत. काव्यात प्रवास घडतच नाही. मेघ जागचा हललेला आपल्याला दिसत नाही, तो एका शब्दाने उत्तरही देत नाही. घडते ती केवळ आखणी, आणि तेवढ्यावर ते काव्य उभे आहे. कारण आखणी हे भविष्यकाळातले वर्णन असते. ज्याला जायचे आहे त्याची असोशी त्यात आपोआप उतरते. आमच्या तक्त्यातल्या 'ताबो, ३,२८० मीटर' या कोरड्या नोंदीतही ती असणार.

मात्र यक्षाच्या आखणीत आणि आमच्या आखणीत एक फरक आहे, आणि सगळा धोका त्या फरकात आहे. यक्ष दुसऱ्यासाठी आखतो, आणि ज्याच्यासाठी आखतो त्याला फुप्फुसे नाहीत. मेघ थकेल हे त्याला सुचते. मेघाला पुढे जाताच येणार नाही ही शक्यता त्याच्या मनाला शिवत नाही. विरही माणसाला ती शिवणे शक्यही नव्हते. आम्हांला मात्र आपापल्या देहांसाठी आखायचे होते, आणि त्यांतला एक आम्हां सर्वांना प्रिय आणि अडुसष्ट वर्षांचा होता. बाईंच्या डॉक्टरांनी जा असे म्हटले नाही, जाऊ नका असेही म्हटले नाही. रक्तदाब आधी आटोक्यात आणा, सावकाश चढा, अमुक औषधे जवळ ठेवा आणि त्रास झाला तर उतरा, एवढे सांगितले. त्यातला शेवटचा शब्द सर्वांत सोपा वाटतो आणि नकाशावर तोच सर्वांत कठीण ठरतो.

*

उंचीच्या त्रासावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. डोके दुखणे, मळमळ, थकवा ही पहिली चिन्हे. तेवढ्यावर थांबावे, वर जाऊ नये. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येईनासे झाले, किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर मेंदूत वा फुप्फुसांत पाणी साचू लागले असे समजावे; तिथे सकाळची वाट पाहणेही धोक्याचे. हे सारे पाठ करता येते. पण 'खाली' कोठे आहे?

काझात त्रास झाला तर ताबो खाली आहे, रस्ता चालू आहे, काझातच रुग्णालय आहे. लोसरला त्रास झाला तर काझा खाली आहे. चंद्रतालला त्रास झाला तर मात्र मामला पालटतो. काझाकडे परतायचे म्हणजे कुंझुम खिंड पुन्हा चढायची, सुमारे ४,५५० मीटर. आजारी माणसाला आणखी तीनशे मीटर वर न्यायचे. उतार आहे तो पुढच्या दिशेला. पण बातल फार तर तीनशे मीटर खाली. खरा दिलासा छत्रूला, साडेतीन हजारांच्या खाली, किंवा त्याही पुढे कोकसरला. आणि बातल ते छत्रू हा धोंडे, वाळू आणि आडवे वाहणारे ओढे यांचा रस्ता, रात्री तर न जाण्याजोगा. 'मागे फिरणे' आणि 'खाली उतरणे' हे आपण समानार्थी धरून चालतो. कुंझुमच्या पलीकडे ते एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जातात.

त्यावर वरचे आभाळही विश्वासाचे नाही. जुलै २०२३ मध्ये चंद्रतालच्या परिसरात ऐन उन्हाळ्यात बर्फ पडला, रस्ते बुजले, आणि सुमारे तीनशे पर्यटक तळांवर अडकून पडले. त्यांना बाहेर काढायला काही दिवस लागले.

तेव्हा आमच्या आखणीचा मध्यबिंदू चंद्रताल राहिला नाही. तो लोसर झाला. जायचे की नाही हे लोसरला ठरवायचे, सकाळी, सहाही जणांची रात्र कशी गेली ते विचारून आणि खिंडीपलीकडून आलेल्या चालकाकडून रस्त्याची खबर घेऊन. शंका असेल तर काझामार्गे आल्या वाटेने परत. चंद्रताल न पाहता.

हे कलम लिहिताना आमच्यात मतभेद झाला. एकाने सुचवले, बाईंना बरे वाटत नसेल तर दोघांनी एका गाडीतून त्यांना काझाला न्यावे, उरलेल्यांनी पुढे जाऊन यावे. सूचना व्यवहार्य होती आणि प्रेमाने केलेली होती. बाईंनी ती ऐकून घेतली.

"माझ्यासाठी वेगळं कलम नको," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या कोणाचं डोकं आधी दुखेल ते तुम्हांला ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हते. उंचीचा त्रास तरुण-म्हातारा असा भेद फारसा पाळत नाही. जो दणकट तो सुरक्षित, असे नसते. उलट दणकट माणूस अधिक वेगाने चढतो आणि दुखणे अधिक काळ लपवतो. पण बाईंचा मुद्दा वैद्यकाचा नव्हता. ज्या कलमात एकाच माणसाचे नाव असते, त्या कलमामुळे तो माणूस बोलेनासा होतो. आपल्यामुळे पाच जणांचा तलाव हुकेल हे ज्याला कळले, तो डोकेदुखी गिळून टाकतो. आणि नुसत्या त्याच्यासाठी पळवाट काढून ठेवली, तर ती वापरणे म्हणजे आपण ओझे होतो हे कबूल करणे. शेवटी त्यांनी स्वतःच कलम सांगितले आणि आम्ही ते लिहून घेतले : कोणालाही त्रास झाला तर सगळे उतरतील, कारण विचारले जाणार नाही, मतदान होणार नाही, आणि पुढे कधीही त्याचा उल्लेख केला जाणार नाही. शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केले.

दोन गाड्या एकत्र ठेवण्याचा व्यवहारही या कलमाच्या बाजूचा निघाला. कुंझुमपलीकडचे ओढे वितळत्या बर्फाचे असतात. पहाटे गुडघ्याखाली असलेले पाणी दुपारनंतर ऊन उतरून आले की मांडीला लागते. म्हणून ओढे सकाळीच ओलांडायचे. आधी एकाने काठी घेऊन पायी जाऊन तळ पाहायचा; गाडी पहिल्या गिअरमध्ये, मधेच गिअर न बदलता, एकसंध चालीने न्यायची; दुसरी गाडी दोर घेऊन अलीकडे थांबणार. एका गाडीने हे करता येत नाही.

गाड्यांच्या बाबतीत बाकी फार लिहिण्याजोगे नाही. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरांना साधारण एक-दशांशाने घटते; टर्बो असलेली इंजिने बरीच सावरतात. टायरमध्ये हवा तेवढीच असली तरी बाहेरचा दाब घटल्यामुळे काटा पाच-सहा पौंड जास्त दाखवतो. खडबडीत वाटेवर हवा थोडी कमी करायची तर हे लक्षात ठेवून. काझाला टाकी भरून घ्यायची, वर एक कॅन. स्टेपनी प्रत्येक गाडीला दोन. आणि एक नियम चाकांसाठी : पडलेली वाट सोडायची नाही. आमच्यातल्या गाडीवेड्याला मोकळे पठार दिसले की त्यावर चाके घालावीशी वाटतात. पण त्या कोरड्या थंडीत गवताची एक जुडी उगवायला जो काळ लागतो तो आपल्या कोकणातल्या पावसावरून कळायचा नाही. एका चाकाचा ओरखडा तिथे वर्षानुवर्षे राहतो, आणि ते गवत कोणाच्या तरी याकांचे असते. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. काठावर तंबू लावू देत नाहीत, तळ काही किलोमीटर अलीकडे आहेत. शेवटचे अंतर पायी जायचे, सावकाश, बाईंच्या चालीने.

स्वयंपाकाचा विभाग बाईंनी आपल्याकडे घेतला. सव्वाचार हजार मीटरांवर पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन् तास तशीच राहते. म्हणून कुकर. तिथे कुकरही घाटाखालच्या इतका तापत नाही, तेव्हा शिट्ट्या वाढवायच्या, आणि तुरीऐवजी मूग घ्यायचा. वरण-भात, मेतकूट, लिंबाचे लोणचे, तूप. भूक मंदावते तिथे ओळखीची चव लागते, हा त्यांचा सिद्धान्त. पाणी मोजून वापरायचे. काझाच्या आसपासचे मटार आणि जव बर्फाच्या पाण्यावर, पाटांनी आणलेल्या धारेवर पिकतात, आणि पाहुण्यांच्या आंघोळी त्याच पाण्यातून जातात. तळ्यातून निघालेले पाणी चंद्रा नदीला मिळते, चंद्रा पुढे तांदीला भागेला भेटते, आणि दोघी मिळून चंद्रभागा होतात. आम्ही तिथे असू त्याच सुमारास इकडे पालख्या दुसऱ्या चंद्रभागेच्या वाटेवर असतील, वर्षानुवर्षे ठरलेल्या मुक्कामांनी.

एक काम राहिले आहे. आखणीची एक प्रत घरी ठेवायची असते. त्यात रोजचा मुक्काम, गाड्यांचे क्रमांक, आणि एक तारीख : या तारखेपर्यंत आमचा निरोप आला नाही तर शोध सुरू करावा. लोसरच्या पुढे कोकसरपर्यंत फोनचा भरवसा धरून चालणार नाही, म्हणून ती तारीख दोन दिवस सैल ठेवली आहे. यक्षाला निरोप पाठवायचा होता, त्यासाठी त्याने मार्ग आखला. परत ये, तिचे कुशल मला कळव, असेही तो शेवटी सांगतो, पण परतीची वाट मात्र सांगत नाही. आमच्या कागदावर परतीच्या वाटा दोन आहेत, आणि कोणती घेतली ते लोसरहून निघण्यापूर्वी घरी कळवायचे आहे. प्रत कोणाकडे ठेवायची यावर चर्चा झाली नाही. बाईंच्या मुलीने ती मागून घेतली, आणि त्या तारखेभोवती स्वतःच्या पेनाने चौकट आखली.